बार्शीचं तिकीट

मला लकवा झाला तेव्हा मी भूमला कॉलेजात जात होते. हे सांगितलं की लोक आधी माझ्या पायाकडं बघतात, मग तोंडाकडं, आणि मग म्हणतात, इतक्या कमी वयात कुठं लकवा होतो का. होतो. लहानपणी मला घसा धरून ताप यायचा, गुडघे सुजायचे. आई हळदीचा लेप लावायची आणि आठवड्यात मी पुन्हा उंडारायला मोकळी. त्या तापानं काळजाची एक झडप खराब करून ठेवली होती, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढं तिथं रक्ताची गुठळी धरली, सुटली आणि मेंदूत जाऊन अडकली. सोलापूरच्या डॉक्टरांनी हे सगळं अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, चित्र काढून समजावलं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान डोलावली आणि गावात आल्यावर सांगितलं की पोरीला दृष्ट लागली. त्यांना चित्र कळलं नव्हतं असं मला वाटत नाही. गुठळीवर राग काढता येत नाही, दृष्ट लावणारीवर काढता येतो, आणि अण्णांना तेव्हा राग काढायला कुणीतरी पाहिजे होतं. मलाही पाहिजे होतं. पण त्यांना तो बोलून काढता येत होता.

आमचं गाव भूमच्या पलीकडं, ईटच्या बाजूला. घराला लागून आमची खव्याची भट्टी होती. वर पत्रे, खाली मातीची मोठी चूल आणि तिच्यावर दोन माणसांनी मिळून उचलावी अशी लोखंडी कढई. उजाडताना दूधवाले किटल्या घेऊन यायचे. बाभळीच्या लाकडांचा धूर, उतू जाऊ बघणाऱ्या दुधाचा फसफसाट आणि लांब दांड्याच्या उलथण्याची कढईच्या बुडाशी चाललेली खरखर, हे सगळं दुपारपर्यंत थांबायचं नाही. दूध आटत आलं की ती खरखर जड व्हायची, आणि आई आत भाकरी थापता थापता नुसत्या आवाजावरून ओरडायची, ‘उतरवा, झाला!’ खवा काढून घेतल्यावर बुडाला जी खरवड राहायची ती आम्हा दोघा भावंडांची. गरम भाकरीवर ती पसरायची आणि वरून साखर भुरभुरायची. दादा, माझा थोरला भाऊ, खव्याचे गोळे ओल्या फडक्यात बांधून जीपनं भूमला पोचवायचा. माझं काम बोलण्याचं. दूध पातळ आलं की दूधवाल्याला मीच धरायची. ‘काका, आज म्हैस विहिरीत उतरली व्हती का?’ म्हटलं की काका ओशाळून हसायचे आणि दुसऱ्या दिवशी दूध नीट आणायचे. अण्णा कौतुकानं म्हणायचे, ‘शालीला चालू करायची कळ हाय, बंद करायची न्हाय.’ कॉलेजात वादविवाद असला की माझं नाव आधी लिहिलं जायचं. विषय मागाहून कळला तरी चालायचा.

त्या सकाळी माझ्या उजव्या हातातून किटली निसटली. दूध सगळ्या ओट्यावर पसरलं. आई म्हणाली, ‘झोपंत हायस का गं?’ मला म्हणायचं होतं, हात बधिर झालाय. तोंडातून निघालं, ‘पंचमी.’ मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा ‘पंचमी’. दादा हसायला लागला, कारण मी नेहमी कुणाच्या ना कुणाच्या नकला करायची आणि त्याला वाटलं हीसुद्धा नक्कलच. मग पाय दुमडला आणि मी त्या सांडलेल्या दुधातच बसले. दादाचं हसू तेव्हा थांबलं. माझ्या डोक्यात सगळं स्वच्छ होतं: ओटा, दूध, दादाचा पांढरा पडलेला चेहरा. एकेका वस्तूचं नाव मात्र कुणीतरी पुसून टाकल्यासारखं झालं होतं.

सोलापुरातले दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात, ते इथं लिहीत नाही. घरी आणलं तेव्हा मी धरून धरून चार पावलं टाकू शकत होते, उजवा हात छातीशी मुडपून राहिला होता आणि तोंडाचा उजवा कोपरा खाली आला होता. तिथल्या व्यायामाच्या बाईंनी हाताचे, बोटांचे व्यायाम दाखवले होते. टॉवेलची घडी घालायची, बाटली लाटायची, बोटं एकेक करून उलगडायची. आईनं ते पहिल्याच दिवशी बंद केले. मी कण्हले की ती हातातलं काम टाकून यायची. ‘ऱ्हाऊ दे गं माझे बाई, दुखतंय तुला,’ म्हणून ती टॉवेल माझ्या हातातून काढून घ्यायची आणि स्वतःच घडी घालून ठेवायची. हुलग्याचं माडगं ती मला चमच्यानं भरवायची. ते उजव्या कोपऱ्यातून ओघळायचं आणि ती पदरानं पुसायची. मला डाव्या हातानं खाता येत होतं. मी डावा हात पुढं केला की ती तो हळूच बाजूला सारायची आणि म्हणायची, ‘म्या हाय ना.’

बघायला येणाऱ्यांनी घर भरलेलं असायचं. केळी आणायचे, बिस्किटं आणायचे, खाटेच्या कडेला बसायचे आणि माझ्या डोक्यावरून आईशी बोलायचे. ‘पोरगी लई हुशार व्हती हो.’ व्हती. मी तिथंच पडलेली, डोळे उघडे. मला ऐकू येत होतं, कळत होतं, आणि दर खेपेला त्या ‘व्हती’वर माझा जीव चडफडायचा. काहीजण माझ्याशी बोलायचे तेव्हा बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायचे. मी एखादा शब्द काढायला तोंड उघडलं की चारी बाजूंनी अंदाज सुरू व्हायचे. पाणी? उशी? बाहेर जायचंय? पंखा लावू? कुशीवर वळवू? माझा शब्द कुठंतरी घशापर्यंत आलेला असायचा, तेवढ्यात यांच्या शब्दांचा असा लोंढा यायचा की माझा त्यात वाहून जायचा. मग मला रडू फुटायचं, आणि एकदा फुटलं की थांबायचं नाही. कधी त्याच जागी हसूच फुटायचं. शेजारचे आजोबा वारले तेव्हा त्यांच्या सुनेला आईच्या गळ्यात पडून रडताना बघून मी हसत सुटले. हसू माझं नव्हतंच, उचकी लागावी तसं ते लागायचं. पण हे कुणाला कसं सांगणार? आईनं माझं तोंड पदरानं झाकलं. आता त्याला डॉक्टर लोक नाव देतात, गोळी देतात. तेव्हा आमच्या गावात त्याला ‘डोक्यावर परिणाम’ म्हणायचे.

परवा भाचीनं मला नवा मोबाइल आणला. मी डाव्या हातानं अर्धा शब्द लिहिला की तो पुढचा अर्धा आपणहून सुचवतो. सगळ्यांना त्याची मोठी सोय वाटते. मी पहिल्याच दिवशी भाचीला सांगून ते बंद करून घेतलं.

दादाचं लग्न माझ्या आजारपणाच्या थोडं आधी झालं होतं. वहिनी कर्नाटकातली, आळंदच्या पलीकडची. आमच्यात तिकडच्या मुली करायची रीत जुनी आहे, पण आमच्या घरातलं कानडी आजोबांबरोबरच संपलेलं. तिचं नाव महादेवी. तिला मराठी आलं तर आलं, नाही आलं तर नाही. पाणी, मीठ, भाकरी, ये, जा एवढ्यावर तिचं भागायचं, पुढचं सगळं कानडीत. ती चुकली की घरातले हसायचे. वाईट मनानं नव्हे, पण हसायचे. ती तेव्हा हातातलं भांडं जरा जोरात आपटायची. माणूस तापट होती. अजून आहे.

मला सांभाळायला दुपारी तिला बसवायचे, कारण आई थकायची आणि भट्टीवर अण्णा आणि दादा. एकदा मला चुलीवरचं पातेलं उतरवायची सांडशी दाखवून काहीतरी सांगायचं होतं. दूध उतू जात होतं, वहिनी नुसत्या पदरानं ते उतरवायला निघाली होती. मी ओरडले, ‘पंचमी! पंचमी!’ तिनं वळून बघितलं, मी बोट दाखवलं तिकडं बघितलं, सांडशी घेतली, पातेलं उतरवलं. त्या सांडशीला तिच्या गावी काय म्हणतात ते तिला ठाऊक, आमच्यात काय म्हणतात ते तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी ती आईला विचारत होती, ‘अत्ते, पंचमी कुठं ठिवली?’ घरातले पोट धरून हसले. आधी तिला, आणि कारण कळल्यावर मला. मी खाटेवर आणि ती चुलीपाशी, दोघी लालबुंद.

पण त्या दिवसानंतर मला एक गोष्ट दिसायला लागली. वहिनी अंदाज करत नव्हती. करू शकतच नव्हती, तिच्याकडं सुचवायला मराठी शब्दच नव्हते. मी तोंड उघडलं की ती हातातलं काम थांबवायची, कमरेवर हात ठेवायची, भुवया ताणायची आणि म्हणायची, ‘हं. हेळु.’ म्हणजे सांग. आणि मग वाट बघायची. ते काही मायेनं नव्हतं. तिला खरोखरच कळून घ्यायचं असायचं, कारण चुकीचं केलं तर बोलणी तिला बसायची. माझा शब्द यायला वेळ लागायचा, कधी चुकीचा यायचा, कधी यायचाच नाही आणि ती वैतागून ‘अय्यो’ म्हणून निघून जायची. पण मधे कुणाचा लोंढा नसायचा. तिच्यापुढं ‘उशी’ आली, ‘दार’ आलं, ‘मीठ कमी’ हे दोन शब्द एकापाठोपाठ आले. घरात हे कुणाला माहीतही नव्हतं. बाकीच्यांपुढं मी पुन्हा मुकी.

त्याच सुमारास आत्यानं, अण्णांच्या बहिणीनं, सोनारीच्या भैरवनाथाला नवस बोलला. त्याआधी नाकात पाल्याचा रस पिळून झाला होता, कुणा एका गावी नेऊन अंगाला उग्र वासाचं तेल चोळून झालं होतं, दोन्ही वेळा मी दिवसभर ओकले होते. सोनारीला जायला माझी काही हरकत नव्हती. निदान जीपमधून बाहेरचं रान दिसणार होतं. रविवारी गेलो. देवळाच्या आवारात नेहमीसारखी माकडं. भिंतीवर, झाडावर, दुकानाच्या पत्र्यावर, सगळीकडं. आत्यानं नारळाची पिशवी माझ्या मुडपलेल्या उजव्या हातात अडकवली, देवाला तुझ्या हातानं दे म्हणून. मला दादानं आणि आईनं दोन्हीकडून धरलेलं. पायऱ्यांपाशी एक थोराड माकड आलं आणि त्यानं पिशवी धरून हिसडा दिला. माझी बोटं उलगडत नव्हती. पिशवी सुटेना, माकड सोडेना, माझा हात खांद्यापासून निखळतो की काय असं झालं, आणि मी ओरडले, ‘आरं मुडद्या, सोड!’

स्वच्छ. खणखणीत. एकही अक्षर अडलं नाही. माकड पिशवी फाडून पळालं. अण्णांनी देवळाच्या फरशीवर अंग टाकलं, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला धूळ लागली आणि ते तसेच पडून रडत राहिले. माझ्या वडलांना मी रडताना त्याआधी बघितलं नव्हतं. ‘वाचा आली! भैरवनाथानं वाचा दिली!’ आत्या गर्दीला सांगत सुटली. माणसं गोळा झाली, कुणी माझ्या पाया पडलं, गुरवानं कपाळाला अंगारा लावला आणि मला गाभाऱ्यापुढं उभं केलं. म्हणाला, ‘बोल पोरी. देवाचं नाव घे.’

मला घ्यायचं होतं. खरंच घ्यायचं होतं. अण्णा हात जोडून माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि मी छातीत हवा भरून, मूर्तीकडं बघत म्हणाले, ‘मुडद्या.’

पुढचं मला फार आठवावंसं वाटत नाही. मी परत परत प्रयत्न केला. परत परत तेच आलं. आत्यानं कानावर हात ठेवले. पुढं कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की शिवी, हाका, मोजणी हे मेंदूतून वेगळ्या वाटेनं येतं, भीती वाटली, राग आला की आपसूक बाहेर पडतं, ठरवून बोलायला गेलं की ती वाट बंद. तेव्हा हे सांगणारं कुणी असतं तर माझ्या आयुष्यातले पुढचे काही महिने वाचले असते. कारण गावात दोन गोष्टी एकदम पोचल्या. देवानं शालीला वाचा दिली, आणि शाली बोलत नाही. माणसं पुन्हा यायला लागली, आता बिस्किटं न घेता. ‘बोल की गं. सोनारीला तर बोललीस.’ मी झगडायची, घामाघूम व्हायची. ‘येतंय तिला. मनात न्हाय तिच्या.’ आत्या म्हणाली, ‘आडमुठी हाय.’ आणि एके दिवशी आई, जिनं मला एक टॉवेलसुद्धा घडी घालू दिला नव्हता, माझ्या उशाशी बसून म्हणाली, ‘देवानं दिलं गं. तूच घेईनास.’

मी भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर वहिनीपुढंसुद्धा बोलायचं सोडलं. भरवलं तर खायची, उठवलं तर उठायची. केस विंचरू द्यायची नाही. लोक म्हणायचे, आराम करतीय. आराम कसला? मी आतल्या आत दिवसभर भांडत होते, एकेकाला धरून धरून उत्तरं देत होते, आणि त्या भांडणातसुद्धा ऐन वेळेला शब्द अडायचा. स्वतःच्या मनातल्या भांडणातही हरायचं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच माहीत.

मला त्यातून कुणी मायेनं बाहेर काढलं नाही. दादा खवा घेऊन गेलेला, अण्णा रानात, आई कुणाच्या तरी बारशाला. भट्टीवर वहिनी एकटी आणि दूध नेहमीपेक्षा जास्त आलेलं. ती आत आली, माझी चादर ओढली आणि म्हणाली, ‘ऊठ. माज्यानं एकटीनं होईना.’ मी हलले नाही. तिनं मला बखोट धरून उठवलं, ओढत भट्टीपाशी नेलं आणि पाटावर बसवलं. उलथण्याच्या लांब दांड्यावर माझा डावा हात ठेवला, त्यावर उजवा ठेवला, तो घसरला तेव्हा जुन्या लुगड्याची चिंधी फाडून दांड्याला बांधून टाकला. ‘हलीव,’ म्हणाली आणि जादा दुधासाठी बाहेर मांडलेल्या दुसऱ्या कढईकडं गेली. मी हलवलं. संतापानं हलवलं. डावा हात ओढायचा आणि उजवा त्याच्यामागं फरफटत जायचा, खांदा ठणकायचा, धुरानं डोळ्यांतून पाणी यायचं. दूध आटत आलं, खरखर जड झाली, मला ती ऐकू येत होती, पण ‘उतरवा’ म्हणता येईना. खवा करपला.

वहिनी धावत आली, कढईत बघितलं आणि कानडीत तोंड सोडलं. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. दोष माझा नव्हता. जाळ तिनं मोठा ठेवला होता आणि स्वतः निघून गेली होती. मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं. आले ते भलतेच आवाज. ती आणखी ओरडली. मी आणखी. दोघींनाही एकमेकींचं कळत नव्हतं आणि दोघीही थांबेनात. मग तिला श्वास लागला, तिनं कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, ‘हं. हेळु. काय म्हणती?’

‘जा,’ मी म्हणाले. पुढचं येईना. ती उभी. करपलेल्या दुधाचा वास सगळीकडं. ‘जा… जाळ. तू.’

‘म्या?’ ती किंचाळली. ‘जाळ म्या लावला? तू बसलीस हितं, तुला दिसंना?’

‘तू! मोठा!’

ती भांडत राहिली आणि मी भांडत राहिले. माझ्या हाताची चिंधी सोडताना ती भांडत होती, करपलेली कढई घासताना भांडत होती. इतके महिने कुणी मला भांडण्याजोगं माणूस धरलं नव्हतं. संध्याकाळी अण्णांनी विचारलं, खवा कुणी करपवला? वहिनीनं माझ्याकडं बोट केलं. मी तिच्याकडं केलं. अण्णा दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिले आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून भट्टीवर गेले. चिंधी मीच तिच्यापुढं धरली.

हाताची बोटं पूर्ण कधीच उलगडली नाहीत, आजही उजव्या हातानं मी पिशवी धरते पण गुंडी लावत नाही. पाय ओढत का होईना चालायला लागला. शब्द आखूड आखूड यायला लागले, दोन, तीन, मधे खड्डे. वहिनीचं मराठीही त्याच वेळेला वाढत होतं, आणि आता तर तिचं माझ्यापेक्षा चांगलं आहे. ती मला ते ऐकवते. मी एवढं बोलायला लागल्यावर घरात सांगितलं, ‘कॉलेज. नाव.’ मला बुडालेलं वर्ष पुन्हा धरायचं होतं. अण्णा म्हणाले, ‘बघू.’ मी म्हणाले, ‘उद्या.’ अण्णा म्हणाले, ‘बरं, म्या येतो संगं.’ मी म्हणाले, ‘एकटी.’ त्यावर आईनं रडून घेतलं, दादानं आवाज चढवला, आत्याला निरोप गेला. मी प्रत्येकाला तोच एक शब्द सांगितला, माझ्याकडं दुसरे होतेही कुठं?

भूमवरून पुढं बार्शीला जाणारी गाडी आमच्या फाट्यावर सकाळी यायची. अण्णा सोडायला आले, वहिनीही आली. गाडी थांबली तसे अण्णा कंडक्टरला सांगायला पुढं झाले की पोरगी आजारी आहे, हिला भूमला उतरवा. वहिनीनं डोक्यावरचा पदर सावरला आणि सासऱ्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, ‘मामा, तुमी बोलू नका.’ अण्णा तिथंच थबकले. मी दांडा धरून चढले. डावा पाय, मग उजवा ओढून.

कंडक्टर तिकिटांची पेटी टिकटिकवत माझ्यापाशी आला. ‘कुठं?’

रात्रभर घोकलेला शब्द होता. एवढासा, दीड अक्षरांचा. ओठ मिटले आणि उघडेचनात. ‘बोला ताई लवकर.’ मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘भूम आसंल.’ दुसरं म्हणालं, ‘परंड्याची दिसतीय.’ शेजारची बाई माझ्या पायाकडं बघून चुकचुकली, ‘मुकी हाय बिचारी.’ झाला सुरू लोंढा. पहिल्यानं बरोबर सांगितलं होतं. मी मान हलवली असती की काम झालं असतं. पण मला मान हलवायची नव्हती. इतके महिने मान हलवून हलवून मी कंटाळले होते. मी डोळे मिटले, जोर लावला आणि तोंडातून निघालं, ‘बार्शी.’

‘मग बोला की असं,’ कंडक्टर म्हणाला, तिकीट फाडलं, टिक केलं, हातात दिलं आणि पुढच्या माणसाकडं वळला.

मी तिकिटाकडं बघत राहिले. संताप तर असा आला की ते चुरगाळून फेकावं. जायचंय भूमला आणि हे काय? मग हळूहळू दुसरंच लक्षात आलं. अनोळखी माणसानं मला विचारलं होतं, मी सांगितलं होतं, त्यानं ऐकून तिकीट दिलं होतं. त्याला मी चुकले हे माहीतच नव्हतं. त्याच्या लेखी मी बार्शीला निघालेली एक बाई होते, बाकी काही नाही. भूम आलं. अर्धी गाडी उतरली. दारातून कॉलेजकडं जाणारा रस्ता दिसत होता. मी जागेवरून उठले नाही. नाव उद्याही घालता येणार होतं. बार्शी मी म्हणाले होते, तर बार्शीला जाणार होते.

तिथं काय केलं? काही नाही. स्टँडवर उतरले, बाकावर बसले, ऊन खाल्लं. परतीच्या गाडीत दुसरा कंडक्टर होता, त्यानं माझ्याकडं न बघताच कुठं म्हणून विचारलं आणि मीही खिडकीबाहेर बघत होते, तर ‘ईट फाटा’ असं सहज निघून गेलं. असं होतं ते. अजूनही होतं. घोकलं की येत नाही.

घरी पोचले तर दिवे लागले होते आणि घरात गोंधळ. अण्णा दुपारीच भूमला जाऊन आले होते. कॉलेजात मी नाही, दवाखान्यात नाही, स्टँडवर नाही. दादा मोटारसायकल घेऊन रस्ता धुंडाळत होता. आईनं मला दारात बघितलं आणि कपाळ बडवून घेतलं. ‘कुठं गेलतीस?’ आणि मला सांगायचं तर तो शब्द येईना. सकाळी न बोलवता आलेला शब्द आता हाका मारून येईना. मग पुन्हा तेच. आत्याकडं? मैत्रिणीकडं? पडलीस का? रस्ता चुकलीस? कुणी काय बोललं का तुला?

‘गप बसा!’ अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज फाटलेला होता. ‘गप बसा सगळे. तिला सांगू द्या.’

सगळे गप्प झाले. मी उभीच होते. अण्णा खाली बसले होते, ताटं वाढलेली तशीच होती, दादा तेवढ्यात मागून आला तर त्यालाही त्यांनी हातानंच थांबवलं. किती वेळ गेला कोण जाणे.

‘बार्शीला,’ मी म्हणाले.

‘बार्शीला?’ अण्णा म्हणाले. ‘कशाला?’

‘चुकून.’

वहिनीला हसू आलं, तिनं ते पदरात दाबलं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी मला पाट सरकवला, मी बसेपर्यंत थांबले आणि विचारलं, ‘मग काय केलंस तिथं?’

मी चहा प्याले होते. एकटीनं, स्टँडवरच्या टपरीवर, डाव्या हातानं. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि ‘च’वरच अडकले. पुन्हा मागं गेले, पुन्हा आले. भाकऱ्या निवत होत्या, आमटीवर पापुद्रा धरत होता. आईचे ओठ हलले, तिला कळलं असावं, पण तिनं ते मिटून घेतले. मी ‘चहा’ म्हणेपर्यंत आमच्या घरात कुणी घास उचलला नाही.